टॉमचा चेंडू कोण झेलणार?

हसन अमेरिकन साहेबांच्या संघात कसा शिरला, ते ऐका. साठच्या दशकात मी कुवेतमध्ये मीना अल-अहमदीच्या तेलबंदरात स्टोअरकीपर होतो. तिथले अमेरिकन इंजिनिअर शुक्रवारी त्यांचा तो अंड्यासारख्या चेंडूचा, हाताने खेळायचा फुटबॉल खेळायचे. चेंडू फेकायला टॉम नावाचा नवा इंजिनिअर आला होता. संघ सारखा हरायचा आणि कप्तान टॉमवरच ओरडायचा. एकदा मला राहवलं नाही.

"साहेब, याची फेक उत्तम आहे. तुमचे झेलणारे ढिले आहेत."

"मग तू आण झेलणारा!"

मी आमच्या रत्नागिरीच्या हसनला नेलं. तो धक्क्यावर जहाजांवरून फेकलेले दोर झेलायचा.

कप्तान म्हणाला, "एक मॅच खेळवतो. पुढचं पुढे बघू."

हसनने आठवडाभर टॉमबरोबर सराव केला. बोटं सुजली, तरी थांबला नाही.

मॅचमध्ये टॉमने शेवटचा चेंडू लांब फेकला. जिच्यापलीकडे झेलला की गुण मिळतात, त्या रेषेपलीकडे हसनने तो झेलला आणि समोरच्या संघाचे चौघे त्याच्यावर कोसळले. शिट्टी झाली, आम्ही जिंकलो, सगळे उठले. हसन मात्र चेंडू पोटाशी धरून पडलेलाच. रेफरी मागतोय आणि हा देत नाही!

मी धावलो. "अरे, जिंकलो आपण. दे तो चेंडू."

"आधी कप्तानाला विचार," हसन म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी मी आहे ना?"