‘सर्व ठीक’ची ओळ

नाही डॉक्टर, ती ओळ परत यायची नाही. बाकी काय हवं ते मागा — निळा पडदा हवा होता, ठेवलाय. डिस्क आत ढकलली की ‘टिंग’ व्हायचं ते हवं होतं, तेही ठेवलंय, आणि त्या एका टिंगपायी माझे दोन दिवस गेले, कारण नव्या मशीनला साधं टिंग म्हणताच येत नाही, ते एकदम गायलाच लागतं — पण शेवटी जी ‘सर्व ठीक’ अशी ओळ यायची, ती नाही. रविवारी तुमच्या क्लबचं प्रदर्शन आहे, जुन्या कंप्युटरवर जीव टाकणारी मंडळी येणार, त्यांना नेमकी तीच ओळ आठवते, सगळं मान्य. सांगा त्यांना, प्रोग्राम लिहिणारा म्हातारा झाला, विसरला. बसा ना. त्या खुर्चीवर नको, तिथं माझ्या वायरी बसल्यात — हां, स्टूल घ्या.

आठ महिने का लागले म्हणता? अहो, तुम्हाला वाटतं जुना प्रोग्राम उचलला, नव्या मशीनवर नेऊन ठेवला, झालं. तीस वर्षांपूर्वी मी तो लिहिला तेव्हा त्याचं काम एकच होतं — फ्लॉपीचा जसाच्या तसा ठसा घ्यायचा, नुसत्या फाइली नव्हे, अख्ख्या चकतीचा, रिकाम्या जागेसकट — तुम्हाला माहीत आहे म्हणा, पण मला सांगायची सवय आहे. तर चकतीला वेग घ्यायला जरा वेळ लागतो ना, मग मी काय केलं होतं, प्रोग्रामला म्हटलं होतं, तू आपला मनाशी दहा हजारांपर्यंत आकडे मोज, तोवर मोटार फिरायला लागेल. जुन्या मशीनला दहा हजार मोजायला चांगला अर्धा सेकंद लागायचा. नवीन मशीन? डोळ्याचं पातं लवायच्या आत मोजून मोकळं. मोटार अजून आळोखेपिळोखे देतेय आणि हा ओरडतो, आत डिस्कच नाही. पंधरा दिवस मी फ्लॉपीला शिव्या घालत होतो, आणि चूक कुणाची — माझीच. बरं, ते निस्तरलं, तर हे नवीन मशीन काय म्हणतं ठाऊक आहे? ‘हा प्रोग्राम कुणी लिहिला ते कळत नाही. विश्वास ठेवायचा का?’ अहो, मी लिहिलाय, मीच समोर बसलोय, आणि माझ्यावर विश्वास ठेवायचा का असं मलाच विचारतंय. रोज सकाळी. रोज मी ‘हो’ दाबायचो — पण खरं सांगतो, दाबण्याआधी बोट थोडं थांबायचं.

ओळीचं? ओळीचं तांत्रिक कारण आहे. कसलं म्हणजे — तांत्रिक. नव्या पडद्यावर ती अक्षरं नीट बसत नाहीत. बाकीची कशी बसली? डॉक्टर, तुम्ही दातांचे ना, मग दातांत लक्ष घाला. आणि असं बघू नका हो माझ्याकडे, ‘आ करा’ म्हणायच्या आधी बघता तसं. बरं, सांगतो. पण ही यायच्या आत. ही म्हणजे माझी बायको. लायब्ररीत गेलीय, पाचपर्यंत येते. किती वाजले? सव्वाचार. आहे वेळ.

तर ती ओळ खोटी आहे. खोटी म्हणजे — दर वेळी खोटी नाही, पण दर वेळी येते. डिस्क ठणठणीत असो की अर्धीमुर्धी गेलेली, शेवटी आपलं ‘सर्व ठीक’. असं बघा, फ्लॉपीवर बारीक बारीक कप्पे असतात, दोन हजार आठशे ऐंशी. एखादा कप्पा वाचता आला नाही तर माझा प्रोग्राम तीनदा प्रयत्न करायचा, मग त्या जागी शून्यं भरायचा आणि पुढं जायचा. इथपर्यंत काही बिघडलं नाही. शेवटी त्यानं यादी द्यायची — अमुक अमुक कप्पे वाचता आले नाहीत. ती यादीही मी लिहिली होती हो, चांगली लाल अक्षरांत. पण कंपनीत पहिल्यांदा दाखवायचं होतं, मोठं गिऱ्हाईक येणार होतं, आणि आमचे साहेब म्हणाले, लाल बघून माणसं घाबरतात, आजच्या दिवस तेवढं बंद ठेव. ठेवलं. यादी बंद, तिच्या जागी एक ओळ. शेजारी स्वतःसाठी टीपसुद्धा लिहिली, ‘तात्पुरतं, उद्या काढणे’. आमच्या धंद्यात ‘तात्पुरतं’ लिहिलं की ते अमर झालं समजा. उद्या आला, परवा आला, गिऱ्हाईक खूश, साहेब खूश — मी विसरलो. मुद्दाम नाही, विसरलो. आणि तुमच्या क्लबातली माणसं इतकी वर्षं त्या ओळीवर माया करतायत. मला सांगा, तुम्ही किडलेल्या दातावर पांढरा रंग मारून पेशंटला आरसा दाखवाल का? नाही ना.

त्यात एवढं लपवण्यासारखं काय — हं. खरंय तुमचं. एवढंच असतं तर मी प्रदर्शनात उभं राहून सांगितलं असतं, लोक हसले असते, मीही हसलो असतो. पण मधे गोगलगाई आल्या. हो, गोगलगाईच म्हणालो. ही तेव्हा गोगलगाईंवर प्रबंध लिहीत होती. नवीन लग्न आमचं, दोन खोल्या, त्यातल्या एका खोलीत तीनशे बारा गोगलगाई. बरण्यांत. प्रत्येकीच्या पाठीवर नंबर. मी सकाळी दात घासायला जावं तर बेसिनवर एकशे सत्तावीस नंबर बसलेली. ही दोन वर्षं त्यांची चाल मोजत होती — किती ओलाव्यात कोण किती चालतं — एका पाटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला एकेकीला सतरा सतरा मिनिटं, आणि ही बाजूला घड्याळ घेऊन, आणि मला म्हणायची, अहो, पाय आपटत चालू नका, त्या दचकतात. सगळे आकडे वह्यांत. आता गोगलगाईंना कागद आवडतो हे तुम्हाला माहीत आहे का? मलाही नव्हतं. खातात. एका रात्रीत नाही, पण सावकाश, त्यांच्या चालीनं, पाचच्या पाच वह्या खाल्ल्या. नशीब, हिनं आदल्याच महिन्यात सगळे आकडे टाइप करून एका फ्लॉपीवर घेतले होते. ती फ्लॉपी हिनं माझ्याकडे दिली. तुमच्या त्या नव्या प्रोग्रामनं एक नक्कल करून द्या म्हणाली, एकाच डिस्कवर जीव टांगणीला लागतो.

प्रोग्राम म्हणाला, सर्व ठीक. आणि डॉक्टर, मी स्वतः घुसवलेल्या त्या ओळीवर मीच विश्वास ठेवला. ठशावरून तिला नवी डिस्क करून दिली. जुनी डिस्क चांगल्या प्रतीची होती, ती पुसून माझ्या कामाला घेतली, आणि मशीनवर जागा नसायची म्हणून ठसाही काढून टाकला. तीन आठवड्यांनी हिनं चौथं प्रकरण उघडलं — तेच, आकड्यांचं — तर मधली पानं कोरी. अकरा कप्पे. बाकीचं प्रकरण जागच्या जागी, आणि ज्याच्यासाठी दोन वर्षं घातली नेमकं तेवढंच गेलेलं. ही धावत माझ्याकडे आली. मी प्रोग्राम उघडला, ती टीप दिसली, ‘उद्या काढणे’ — दोन मिनिटांत सगळं कळलं. मग मी मान वर केली आणि म्हणालो, ‘ड्राइव्हचा लाल दिवा चालू असताना तू डिस्क बाहेर काढली असशील.’ ती म्हणाली, ‘काढली असेन.’

झालं. प्रबंध अर्धवट राहिला. गोगलगाई तोवर बागेत सोडून दिल्या होत्या, त्या काय परत यायच्या होत्या नंबर सांगायला. पुढं हिनं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, अठ्ठावीस वर्षं, मन लावून शिकवलं, गेल्या वर्षी निवृत्त झाली. पण तेव्हापासून घरातल्या कुठल्याही यंत्रातून काहीही लगेच काढत नाही. दिवा विझला तरी वीसपर्यंत मोजते. कपड्यांचं मशीन थांबलं — ही समोर उभी, एक, दोन, तीन. टोस्टरमधला टोस्ट गार होतो, चालतं तिला. एटीएमनं तर दोनदा हिचं कार्ड गिळलं, हिचं मोजणं संपेना म्हणून. मुलं लहान होती तेव्हा आईची नक्कल करायची, पोट धरून हसायची, आणि मीही — मीही हसायचो, डॉक्टर. हसायचो मी.

सांगायचं होतं हो. पहिल्या आठवड्यात सांगायचं होतं. तेसुद्धा तात्पुरतंच होतं, उद्या सांगू म्हणून. मग थोरल्या मुलाचा जन्म, मग धाकटीची तब्येत, मग हिची नोकरी — आणि एकदा वर्ष उलटलं की नुसती चूक सांगून भागत नाही, वर्षभर गप्प बसलो हेही सांगावं लागतं. पुढं तर ते गप्प बसणंच चुकीपेक्षा मोठं झालं. आणि तुम्ही क्लबवाले आलात, प्रोग्राम पुन्हा जिवंत करा म्हणालात, तेव्हा हीच म्हणाली, करा हो, चांगला प्रोग्राम होता तो, तेव्हा माझाच हात नडला.

तर आठ महिन्यांचं. नव्या मशीनवर आणायचा म्हणजे आधी मूळ प्रोग्राम हवा. तो या खणातल्या डिस्कवर. काढली, तर वरचं लेबल सुकून माझ्या हातात आलं, आणि खाली दुसरं लेबल — हिच्या अक्षरात, ‘प्रकरण चार’. मी तिचीच डिस्क पुसून तिच्यावर माझा प्रोग्राम ठेवला होता. पुसली म्हणजे काय, वरची नावांची यादी पुसली. मजकूर खाली तसाच असतो, त्याच जागी कुणी दुसरं लिहीपर्यंत. जुना ड्राइव्ह तीनदा बघून हात टेकायचा, हे नवीन यंत्र एकेक कप्पा दोनशे वेळा वाचतं आणि दर वेळी जे थोडंथोडं उमगतं ते जुळवत बसतं. चार महिन्यांत प्रोग्राम चालायला लागला. मी लाल यादी पुन्हा चालू केली आणि सगळ्यात आधी हीच डिस्क लावली. अकरापैकी नऊ कप्पे आले, डॉक्टर. उरलेल्या दोनांवर माझाच प्रोग्राम बसलाय. हे बघा, छापून ठेवलेत — हात नका लावू. ही बघा एकशे सत्तावीस. सोळा मिनिटं चाळीस सेकंद. बेसिनवाली.

आणि पुढचे चार महिने हे कागद या खणात आहेत. परवा कुंडीत एक गोगलगाय दिसली तर ही चष्मा लावून अर्धा तास तिच्याशेजारी बसली होती. मी इथून खिडकीतून बघत होतो. खण माझ्या गुडघ्याला लागत होता.

काय म्हणता? नुसते कागद द्यायचे, नव्या यंत्राची करामत म्हणून? जुनी डिस्क सापडली, वाचली, हे घे तुझं चौथं प्रकरण? अहो, ते माझ्या मनात आलं नसेल का? चार महिने तेच तर येतंय. पण मग ती माझे आभार मानेल हो. डोळ्यांत पाणी आणून मानेल, बहिणीला फोन करून सांगेल, माझ्या वेंधळेपणानं घालवलेलं यांनी तीस वर्षांनी शोधून दिलं. आणि मी इथं बसून ते ऐकायचं. गप्प बसून तीस वर्षं काढली, ते जमलं मला. हे नाही जमायचं. आणि सांगितलं तर ती काय करेल, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. बायकोला घाबरणं काही नवीन नाही म्हणा, पण ही भीती वेगळी आहे, हिच्यात गंमत नाही.

हा घ्या पेन ड्राइव्ह. यात तुमचा प्रोग्राम — निळा पडदा, टिंग, आणि शेवटी लाल यादी. रविवारी लोक घाबरतील, घाबरू देत. कुणी विचारलं तर म्हणा, लिहिणाऱ्यानंच — थांबा. फाटक वाजलं का? पाच कुठं झालेत अजून. लवकर आली. उठा. नाही, चहाबिहा पुढच्या वेळी, उठा तुम्ही. सोबतीला थांबता? नको डॉक्टर, तुमचे उपकार, पण नको. तुम्ही समोर असलात तर ती तुम्हाला पाणी विचारेल, दोन शब्द हसून बोलेल आणि माझ्यावरचा राग आल्यापावली परत पाठवेल, स्वभाव आहे तिचा. तीस वर्षांचा राग आहे, तो तिला मोकळ्या घरात करता आला पाहिजे. या मागच्या दारानं जा. बूट बाहेर घाला. जा म्हणतो ना.

अगं, ये. पिशवी राहू दे तिथंच. बस आधी. हे कागद नंतर बघ, आधी माझ्याकडे बघ. ती डिस्क तू बरोबरच काढली होतीस.