मागचे पॅड

गॅरेजच्या बाकड्यावर आपल्या गाडीची वाट बघत बसलेल्या टॅक्सीवाल्याने पेपर तोंडापुढे धरला होता, पण कान शेजारच्या मायलेकांकडे होते. मेकॅनिक त्या दोघांपुढे आला तो झिजलेले ब्रेक पॅड हातात घेऊनच.

“मागचे पार पत्र्यावर आलेत, पुढचे मात्र ठणठणीत. हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो. चालत्या गाडीत त्याचं बटण कोण ओढतं?”

“मीच. सवय लागलीय.”

“कसली सवय, दादा? ब्रेकची मोटर जळेल एखाद्या दिवशी.”

“सांगितलं ना, मीच ओढतो. तुम्ही पॅड बदला.”

“खोटं कशाला बोलतोस रे? मी ओढते हो. पुलाच्या वळणावर.”

“आई, राहू दे ना.”

“अहो काकू, गाडी हे चालवतात, ब्रेक यांच्या पायाखाली आहे. तुम्ही कशाला मध्ये हात घालता?”

“थोरल्याच्याही पायाखाली होताच की, त्याच वळणावर. तेव्हा मी मागच्या सीटवर होते. माझा हात पोचला नाही.”

टॅक्सीवाल्याच्या पेपरचं पान काही उलटलं नाही. मेकॅनिकने झिजलेले पॅड उगाचच फडक्याने पुसले. म्हातारी पाणी प्यायला उठली, तसा तो मुलाच्या कानाशी लागला.

“पॅड काढायला कॉम्प्युटर लावून हँडब्रेक सोडवून ठेवलाच आहे. त्यातच बटणाची वायरही काढून टाकू का? गाडी बंद केली की ब्रेक आपोआप लागेल. त्यांनी ओढलं तरी काही होणार नाही.”

“नको.”

“अहो, पुन्हा झिजतील.”

“झिजू देत. पॅड काय, पुन्हा बदलता येतात.”