शिवाच्या अव्वाचे हात

आमच्या शिवाचं सांगतो. शिवा मूळचा गडहिंग्लजचा, घरी कापडाचं दुकान. पण हा माझ्याबरोबर कोल्हापुरात खोली करून राहायचा आणि कॉम्प्युटरवर घर बांधायचा. म्हणजे इंटरनेटच्या पानावर असं घर, की माऊसनं दारातनं आत जायचं आणि खोल्याखोल्यांतनं फिरायचं. तेव्हा ते अगदी नवीन होतं.

एक दिवस त्याची आई त्याला परत न्यायलाच एसटीनं आली. शिवा तिला अव्वा म्हणायचा.

"दुकान सोडून काय करतोयस ते तरी बघू दे," ती म्हणाली.

शिवानं पान उघडलं. गडहिंग्लजचं त्यांचंच घर होतं. माऊस पुढं सरकला तशी अव्वा पडद्यावरच्या उंबऱ्यापाशी मान वाकवून आत शिरली. सोपा, माजघर, स्वयंपाकघर, सगळं हिंडली.

"हुबेहूब हाय रं. दुकानाचं मी समजावून सांगतो तुझ्या अप्पाला. पर ह्यात मी कुठं हाय?"

शिवानं घाईघाईनं एक हिरवं नळकांडं उभं केलं, त्यावर चेंडूसारखं डोकं ठेवलं आणि ते चुलीपुढं नेलं.

"ही बघ तू."

"एवढी जाड हाय व्हय मी? आनि हात कुठं हायत?"

"अव्वा, हात-पाय घातले की पान उघडायला लई वेळ लागतोय."

अव्वानं पिशवी खाली ठेवली आणि खुर्चीवर मांडी घालून बसली.

"लागू दे की. बिनहाताची भाकरी कशी थापू? तू घाल हात, मी बसतो हितं."