लाँड्रीतला कोट

बायको गेल्याचं दवाखान्यातून कळलं, त्या दिवशी पहाटे शहरात पाच अंश होते आणि दुपारी बत्तीस. पंधरा दिवसांनी निवृत्त लाइनमन लाँड्रीच्या रांगेत उभा होता. पुढे एक जोडपं गाठोडं घेऊन उभं होतं.

"कोट आजच द्यायचे का?"

"दुपारी घामानं भिजता ना? मग."

"आणि पहाटे? गेल्या वर्षी तुझ्या घाईपायी आठ दिवस चादर पांघरून काढले."

"काढले कुठले, घोरत होतात."

"काकडत होतो."

"बरं, तुमचा ठेवा. माझा देते."

"म्हणजे थंडी वाजली की माझाच ओढशील."

"मग काय शेजाऱ्यांचा ओढू?"

दोघं गाठोडं घेऊन तशीच घरी गेली.

लाँड्रीवाल्यानं लाइनमनची पावती पाहून दोन कोट काढले.

"काकूंना म्हटलं होतं, इतक्यात देऊ नका, थंडी परतेल. ऐकतायत कुठं."

"नाहीच ऐकायची."

"घ्या, दोन्ही तयार आहेत."

त्यानं स्वतःचा उचलला.

"तिचा राहू दे."

"बरं. काकू येतील तेव्हा नेतील."

तो कोट अजून तिथेच आहे. लाँड्रीवाल्याला सांगायचं राहिलं आहे.