शोभेचं डांगर

…आन म्हणून सांगतो मंडळी, ते डांगर विकायचं न्हवतंच मुळी! शोभेला हुतं, शोभेला! तुमी सांगलीकर त्याला लाल भोपळा म्हणताय, आमच्या कुंडलात डांगर, पर काय बी म्हणा, विकायचं न्हवतं ते न्हवतं. आता हे त्याच दिवशी बोलायला पायजे हुतं, आज माईकवर बोलून काय उपेग? पर काय करू… न्हाई म्हणायला माझी जीभच उचलत न्हाई!

आता हेच बघा की. आज आपल्या शेतकरी बाजाराला वरीस झालं. बाजार चालवणाऱ्या ह्या क्रांतीताई, ह्यांचा काल फोन. "जोतीराम, उद्या गिऱ्हाइकांसमोर चार शब्द बोलशील ना?" मी? घरी पावणं आलं की गोठ्यात जाऊन बसणारा माणूस मी! तोंडातनं काय निघावं? "व्हय ताई." शाळा तरी कशी सुटली माझी? नववीत हुतो, बा म्हणाला, "उद्यापास्नं म्हसरं बघशील न्हवं?" "व्हय." झाली शाळा!

तर ते डांगर. त्याचं बी माझ्या आईच्या माहेरचं, आटपाडीकडचं. लग्नात आईनं सासरी काय आणलं, तर एक तांब्या आन राखेत घोळलेल्या मूठभर बिया. तवापास्नं दरसाली वेलाला पयलं धरलेलं फळ तिचं. त्याच्या देठाला ती लाल दोरा बांधती. दोरा दिसला की घरातलं कुणी त्याला हात लावत न्हाई. माळ्यावर ठेवायचं, पेरायच्या टायमाला कापायचं, बिया राखेत घोळायच्या, म्हंजे कीड लागत न्हाई. दुकानातलं डांगराचं बी आमच्या उंबऱ्याच्या आत आजवर आलेलं न्हाई! आन यंदा रानात पाणी साचलं, समदं येल कुजलं, आन एकच डांगर वाचलं. एकच! ते दोऱ्याचं!

मग ते बाजारात आलं कसं? फोन, दुसरं काय! "जोतीराम, तुझा स्टॉल दिसतच नाही रे. पुढं मेथी, त्यामागं वांगी, आणि त्यामागं तू असतोस म्हणे. शोभेला काहीतरी मोठं ठेव." "व्हय ताई." घरात मोठं म्हणाल तर म्हस, न्हाईतर हे डांगर. आईला ईचारलं. आईनं माझ्याकडं असं बघितलं… असं बघितलं… म्हणाली, "दावायला न्हे. जसं न्हेतूस तसं आण. कुणी मागितलं तर न्हाई म्हणशील न्हवं?"

"व्हय," म्हणालो. बघा! तिथंबी व्हयच!

गेल्या रविवारी सकाळी छोट्या हत्ती टेंपोत डांगर मांडीवर घेऊन आलो, जावळाला न्हेत्यात त्या लेकरागत. स्टॉलवर मधोमध ठिवलं. आन पयलंच गिऱ्हाईक कोण, तर ते… पयल्या रांगेत पांढऱ्या बुटाचे सर बसल्यात न्हवं, ते. नमस्कार सर. आता सरांचं काय चुकलं? त्यांनी नुसतं ईचारलं, "अर्धा किलो कापतोस का?" माझ्या कानात आई बोलाय लागली, म्हण न्हाई, म्हण न्हाई! मी म्हणालो, "सर… शोभेला…" सर म्हणाले, "शोभेला? अरे, भाजी आहे का झुंबर?" मी आपला वांगी पुसाय लागलो. शेवटाला सर म्हणाले, "बरं, एक चक्कर मारून येतो, तोवर ठरव."

मग मी ईचार केला, जीभ उचलत न्हाई तर हात तरी उचलूया. खोक्याचा पुठ्ठा फाडला, मोठ्या अक्षरात लिवलं, "विकायचे नाही", आन डांगराला टेकवून ठिवला.

तिथंच घात झाला मंडळी! पाटी न्हवती तवर एक गिऱ्हाईक हुतं, पाटी लावली आन अकरा जमली! एक बाई नवऱ्याला हाका मारत्यात, "अहो, इकडे या, इकडे या! हे विकायचं नाही म्हणे! म्हणजे घरी खायला राखलेलं! बिनफवारणीचं असणार!" नवरा म्हणतोय, "मी काय सांगत होतो? चांगलं ते ही माणसं घरी ठेवतात!" आवं, घरी कुठं ठिवलं? घरी ठिवलं असतं तर हे झालं असतं व्हय? मला समदं समजत हुतं, समदं सांगायचं हुतं, दोरा, आटपाडी, तांब्या… पर अकरा माणसं एकदम बघाय लागली की मी खाली वाकून मेथीच्या जुड्या मोजाय लागतो!

तेवढ्यात ताई आल्या. हळूच म्हणाल्या, "जोतीराम, वरचा फलक वाच." वाचला. 'आम्ही खातो तेच तुम्हाला देतो.' "अरे, सगळ्या बाजाराच्या शब्दाचा प्रश्न आहे. देशील ना?"

न्हाई म्हणायला माझी जीभ… जाऊ द्या, तुमाला पाठच झालं असंल.

माझ्याकडं सुरीबी न्हवती. पर शेजारी बनुबाई, पालेभाजीवाली, जिची आरोळी मिरजेच्या टेशनात ऐकू जाती, ती म्हणाली, "आरं मुडद्या, गिऱ्हाईक काय उन्हात वाळत घालतूस काय? ह्यो घे इळा! न्हाईतर दे हिकडं, मीच कापती!" आन तिनंच कच्चकन कापलं! आत कसलं पिवळंधमक, आन बियांची काय दाटी! मी दोरा तेवढा सोडून खिशात घातला. म्हटलं, गर जाऊ द्या, बिया तरी राखू. धीर करून म्हणालो, "बिया… बिया तेवढ्या…"

"बिया काढू नका हं!" एक पोरगी किंचाळलीच. "पंपकिन सीड्स आहेत त्या! केसांना चांगल्या, हाडांना चांगल्या, झोपेला चांगल्या!" आता माझी झोप उडाली त्याचं काय ग बाई? पर तिचं ऐकून समदी म्हणाय लागली, आमालाबी बियांसकट, आमालाबी बियांसकट! चक्कर मारून आलेले सरबी अर्धा किलो घेऊन गेले!

शेवटची एक फोड उरली. ती मी मेथीखाली दडवली. मूठभर बिया हुत्या तिच्यात, म्हटलं, आईला तोंड दावता येईल. आन एक म्हातारी आली. मेथी चाळता चाळता फोड दिसली तिला. उचलली, वास घेतला, म्हणाली, "लेकरा, हे आमच्या आटपाडीकडचं डांगर हाय. माझी आई ह्याचं घारगं करायची." बास. मागितलं न्हाई, भाव केला न्हाई, नुसती फोड हातात धरून उभी ऱ्हायली. बाकीच्यांनी मागितलं तरी हुतं हो! हिला मी न मागताच दिली, बियांसकट, आन वर मेथीची जुडी. नाव ईचारायचंबी सुचलं न्हाई. आजबी ती कुठं दिसत न्हाई.

घरी आईनं ईचारलं, "डांगर कुठाय?" मी खिशातला दोरा काढून चुलीपाशी ठिवला.

दोन दिवस तिनं तो दोरा तिथनं हलवला न्हाई, येता-जाता मला दिसत ऱ्हायला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मूठभर नगोत. दोन बिया घावल्या तरी येल हुतो. ज्यांनी न्हेलं त्यांच्याकडं माग. सरळ उभं ऱ्हा आन माग." म्हणून ती आज संगं आलीया. ती काय, शेवटच्या रांगेत, हिरवं लुगडं. मांडीवर पुरचुंडी दिसती का? राख हाय त्यात. बिया घोळायला घरनं आणलीया.

तर मंडळी, खरं म्हंजे मी आज उभा हाय तो चार शब्द बोलायला न्हाई… मी उभा हाय ते… म्हंजे तुमच्यापैकी कुणाकडं… असल्या तर… न्हाई, तसं काय न्हाई… ऊन लय वाढलंय न्हवं आज?

काय म्हणताय सर? जरा मोठ्यानं… "आमच्या घरी वाळत घातल्यात अजून पाच-सहा बिया, आणून देऊ का?"

न… नको सर! छे छे, कशाला तुमाला तरास! ऱ्हाऊ द्या, न्हाई, खरंच न्हाई!

…आलं! आवं बनुबाई, ऐकलं का? निघालं की तोंडातनं! जलमात पयल्यांदा न्हाई म्हणालो मी… आन तिकडं आई राखेची पुरचुंडी परत कनवटीला खोचतीया…

काय ताई? वेळ झाली? सगळ्यांना चहा द्यायचाय, कप वाटू लागशील का म्हणताय?

…व्हय ताई.