खताचा चहा आणि हिचं नाक

...अहो, नुसता वास घ्या म्हणतो मी, प्या कुठं म्हणतोय? पण नाही! पेला पुढं केला की माणूस असा मागं सरकतो, जणू मी त्याच्या गळ्याला सुरीच लावलीय. काल तो टपालवाला, इतकी वर्षं माझ्या दारात येतोय, जावयाची गाऱ्हाणी मलाच सांगतो, त्याला म्हटलं बाबा रे, एवढा हुंग आणि सांग, मातीसारखा येतोय की आंबूस येतोय, एका शब्दाचं काम आहे. तर म्हणतो कसा, "काका, आज जरा उशीर झालाय." अरे, नाकाला कसला उशीर? श्वास तर घेतोयसच ना चालता चालता? त्यातलाच एक इकडं घे!

हसताय तुम्ही. हसा. तुमचं काय जातंय, तुम्हाला नाकं आहेत.

मुळापासूनच सांगतो, नाहीतर तुम्हीही म्हणाल म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, गल्लीत म्हणायला लागलेच आहेत... तर मी भोपळे लावतो. भाजीचे नव्हे हो, वजनाचे! दरवर्षी स्पर्धा भरते, चार गडी चादरीत धरून उचलतात असले भोपळे येतात. एका वेलीवर एकच फळ ठेवायचं, बाकीची मन घट्ट करून खुडायची, आणि त्या एकट्याचे लाड करायचे. उन्हात त्याच्यावर कापड, बुडाखाली वाळू, आणि मुळांना खताचा चहा. चहा म्हणजे काय, पिंपभर पाणी, त्यात जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधलेलं मुरलेलं खत, वर पळीभर काकवी, आणि तळाशी तो माशांच्या काचपेटीतला हवेचा पंप, आपला सारखा बुडबुड, बुडबुड... हवा मिळाली की त्यातले चांगले जंतू वाढतात आणि वेल अशी फोफावते की बघत राहावं. पण हवा कमी पडली, काही बिनसलं, की तोच चहा विष! घातला की मुळं जळलीच म्हणून समजा. आणि पेल्यात दिसायला दोन्ही सारखेच, गढूळ. चांगल्याला नुकत्या उकरलेल्या मातीचा वास येतो, बिघडलेल्याला नासका. कळतं ते फक्त नाकाला.

आणि मला वास येत नाही. आहे की नाही गंमत?

मागं एकदा आम्हा नवराबायकोला एकदमच ताप आला. तो गेला आणि जाताना माझं नाक घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू." इतकं हळूहळू, की अजून वाटेतच आहे! मी खचलोच. म्हटलं संपलं, पिंप विकून टाकू. तर ही कंबरेवर हात ठेवून उभी, "तुमचं गेलं तर गेलं, माझं शाबूत आहे ना? एका घरात दोन दोन नाकं हवीत कशाला?"

झालं, ठरूनच गेलं. रोज सकाळी मी पेला भरून स्वयंपाकघराच्या दारात, ही हातातलं काम टाकून, हात पुसत यायची, डोळे मिटून असा लांऽऽब श्वास घ्यायची, मी आपला परीक्षेला बसल्यासारखा उभा... "चालतंय!" आणि कधीतरी मात्र, "छे छे, टाकून द्या आजचं!" टाकून द्या म्हटलं की अपील नाही. मी हळहळत, बडबडत पिंप उपडं करायचो, आणि मग दुसरं काही काम नाही म्हणून घरात येऊन पडायचो. पण तुम्हाला सांगतो, एकदाही मुळं जळली नाहीत! स्पर्धेत लोक कोपऱ्यात घेऊन विचारायचे, "काका, गुपित काय?" मी सांगायचो, आमच्या हिचं नाक!

या वर्षीचं फूल हिनंच जुळवलं. नरफूल खुडून मादीफुलावर हलक्या हातानं फिरवायचं असतं, माझे हात थरथरतात. फळ धरलं, लिंबाएवढं झालं, आणि ही... गेली. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या. कोपऱ्यावर जायचं तरी दारातून पुन्हा पुन्हा वळून सांगून जाणारी बाई हो, आणि या खेपेला एक शब्द नाही! फार राग आला मला. अजून आहे.

तेव्हा तो भोपळा माझा नाही, तिचा आहे. तिच्या हातचं शेवटचं काम. नंबर गेला खड्ड्यात, पण तो जिवंत वेलीवरून उतरून काट्यावर चढला पाहिजे, बस्स. आणि घरात नाक नाही!

म्हणून निघालो पेला घेऊन दारोदार. शेजारचा शिंपी म्हणाला, "काका, लांब धरा, गिऱ्हाइकाच्या कपड्यांना वास लागेल." म्हणजे वास येतोय! पण कसला? ते सांगायला तयार नाही. डॉक्टरांकडं गेलो, शिकलेला माणूस, तर पेला उजेडात धरून गंभीरपणे म्हणतात, "सकाळचं पहिलं आहे का?" अहो डॉक्टर! भोपळ्याचं आहे ते! नुसता वास घ्या म्हणतो मी, तपासा कुठं म्हणतोय?

शेवटी तो कोपऱ्यावरचा न्हावी. त्यानं पेल्याकडं मान झुकवली आणि ओरडला, "एक नंबर, काका!" मला काय आनंद झाला म्हणून सांगू! घरी आलो आणि अख्खं पिंप मुळांना घातलं. आणि मग बघतो तर पंपाची नळी निसटून बाहेर लोंबतेय! कधीपासून, देव जाणे, माझं लक्ष होतं कुठं? पानं कडेनं करपली, पिवळी पडली, भोपळा होता तिथंच थबकला. न्हाव्याकडं गेलो तावातावानं, तर तो कुणाच्या तरी डोक्याला पायऱ्या पाडून ठेवून त्यालाही तेच सांगत होता, "एक नंबर, साहेब!"

त्या दिवशी वेलीपाशी बसून रडलो. खोटं कशाला बोलू? तिला म्हटलं, तुझं एवढंसं काम राहिलं होतं माझ्याकडं, तेही नासवलं.

तोवर बोभाटा माझ्या मेहुणीपर्यंत पोचला. धाकटी बहीण हिची, आली तरातरा. "भावोजी, काय ऐकतेय मी हे? लोकांना काय हुंगायला लावता?" मी म्हटलं, अगं ये, ये! देवासारखी आलीस! एकाच आईच्या पोटच्या तुम्ही, नाक तेच असणार! पेला धरला पुढं. तिनं तोंड वाकडं केलं, "शी! मला काय कळतंय यातलं?"

म्हटलं, तुझ्या ताईला कळायचं.

 तर ती हळूच स्टुलावर बसली आणि म्हणाली, "भावोजी, त्या तापात ताईचंही नाक गेलं होतं."

ऐकलंत? तिचंही! "तुमच्याही आधी गेलं होतं. मला फोनवर म्हणाली, यांना सांगू नकोस, भोपळे सोडतील आणि दिवसभर घरात तोंड पाडून बसतील, ते मला बघवणार नाही." मी म्हटलं, काहीतरीच बोलू नकोस! आणि बोलता बोलता मला आठवलं... दूध करपायचं हो आमच्याकडं! भिंतीपलीकडून शिंपी ओरडायचा, "काकू, दूध!" आणि ही म्हणायची, "अगंबाई, लक्षच नव्हतं." म्हणजे घरात दोन माणसं आणि नाक एक नाही, इतकी वर्षं आम्ही त्या शिंप्याच्या नाकावर संसार केला!

म्हटलं, मग 'चालतंय' कशावरून म्हणायची? "पिंपावरचा फेस बघून यायची आधी, फेस आहे म्हणजे हवा चालू आहे. आणि पंपाची नळी रोज तीच नीट बसवायची, बिघडणार कशानं? रोजचं चालतच होतं, भावोजी."

आणि 'टाकून द्या'?

मेहुणी डोळे पुसायला लागली. "ते तुमच्याकडं बघून. गुडघा सुजलेला दिसला, टाकून द्या. रात्री खोकला झाला, टाकून द्या. 'विश्रांती घ्या म्हटलं तर ऐकतात का हे? चहा बिघडला म्हटलं की मुकाट्यानं येऊन पडतात,' असं म्हणायची."

एकेक आठवायला लागलं. माझा जुना मित्र गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, टाकून द्या. चक्कर येऊन अंगणात बसलो होतो, त्यानंतर लागोपाठ टाकून द्या. आणि मी मूर्ख, पिंप उपडं करताना हिच्यावरच करवादायचो, एवढं तिखट नाक काय कामाचं! ती हसायची. डोळे मिटून तो लांब श्वास घ्यायची ना, ते काही नव्हतंच हो. डोळे मिटण्याआधीच सगळं बघून झालेलं असायचं.

मेहुणी गेली. भोपळा आहे, वाढत नाही, पण धरून आहे, वेलीच्या शेंड्याला एक नवं पान निघालंय. नळी आता मीच बसवतो. आज सकाळी फेसही छान आला होता, तेव्हा कुणाच्या दारात गेलो नाही. फक्त अंग कसकसत होतं, डोळ्यांची आग, पायरी उतरताना भिंतीचा आधार घ्यावा लागला... तरी सवयीनं पेला भरला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. बराच वेळ उभा होतो. कुणी 'टाकून द्या' म्हणालं नाही.

मग काय, उचलली बादली आणि गेलो वेलीकडं. चांगला झालेला चहा आपला आपल्याला टाकवतो का हो?