विभागातल्या आकाशाच्या काचा धुतल्या जात असल्याबाबत

मी शिबनाथ अमूल्यचरण लाहिडी, वय ७२ वर्षे, पदार्थविज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक, राहणार पाइकपाडा, कोलकाता. ठाण्यात स्वतः हजर राहून सांगतो ते असे:

ठाणेदार बडोबाबू आणि या ठाण्यात बसणारे सर्वजण, तुमच्या मागच्या खोलीतल्या जुन्या फायली कुणी बघत नाही म्हणून वरचे साहेब हलवायला लावतात आणि पुढे कोर्ट नेमकी तीच फाईल मागतं. हे दुखणं तुमचं आणि माझं एकच आहे. म्हणून माझं म्हणणं तुम्हाला कळेल.

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातला पदार्थविज्ञान आणि खगोलशास्त्राचा विभाग उभा करण्यात माझी सगळी नोकरी गेली. नियतकालिकांचे पहिल्या अंकापासूनचे संच मी वारलेल्या प्राध्यापकांच्या घरांतून, त्यांच्या बायकांची समजूत काढून आणले. डोंगरावरची एक वेधशाळा बंद झाली तेव्हा तिथल्या आकाशाच्या फोटोंच्या निगेटिव्ह काचा, ज्यांवर तारे काळे उमटतात, मांडीवर घेऊन रेल्वेने आणल्या. त्या काचांवर पन्नास वर्षांचं आकाश आहे. दुसरी प्रत जगात नाही.

ऐंद्रिला सोम ही माझी विद्यार्थिनी एका मंदावत चाललेल्या ताऱ्यावर प्रबंध लिहिते. तो पूर्वी तेजस्वी होता याचा पुरावा फक्त या काचांत आहे. आज सकाळी ती माझ्या दारात आली. मला ती जेठू, म्हणजे मोठे काका, म्हणते. म्हणाली, "जेठू, काचांची खोली रिकामी आहे. तिथे सरस्वतीचा मांडव घालतायत."

आम्ही ग्रंथपाल शुभ्रांशु नाग यांना भेटलो. ते पताका बांधून घेत होते.

"शिबूदा, सणाच्या आदल्या दिवशी तरी भांडू नका," ते म्हणाले. "दहा वर्षांत जे कुणी घरी नेलं नाही ते काढायचं, असा समितीचा ठराव आहे. काचांच्या नावावर एकही नोंद नाही."

मी म्हणालो, "घरी न्यायला बंदी होती, नागबाबू. दारावर पाटी आहे. खाली सही तुमची."

त्यांनी पाटीकडे पाहिलं. हातातली पताका त्यांनी खुर्चीवर ठेवली. मग काचा ज्याला विकल्या त्या तसबिरीवाल्या गोपेन कर्मकारचा पत्ता दिला.

गोपेनचं दुकान याच ठाण्याच्या हद्दीत, कालव्याच्या बाजूला आहे. अंगणात चुलीवर पाणी उकळत होतं. टबात काचा बुडवलेल्या होत्या. गोपेन नारळाच्या काथ्याने एक काच घासत होता.

"या मास्तरमोशाय, चहा घ्या," तो म्हणाला. "काच बघा कशी झकास! अशी सपाट काच हल्ली कुठे मिळते? नुसता मळ होता, काळे काळे ठिपके. सोडा टाकला की सायीसारखा सुटतो."

"ते तारे आहेत," ऐंद्रिला म्हणाली.

"असतील दीदी. उद्या पूजा आहे, घरोघर देवीची तसबीर लागते. तारे कोण भिंतीवर लावतं?"

भिंतीला धुतलेल्या काचा टेकवून ठेवल्या होत्या. त्यांच्यामागे वीणा घेतलेली सरस्वती होती. सगळ्या तसबिरींत तीच. काचा अगदी स्वच्छ होत्या.

ऐंद्रिलाने टबात हात घातला. पाणी कढत होतं. तिने हात काढला नाही. तिच्या बोटांवर करडा पापुद्रा आला. तो तिने ओढणीवर पसरला आणि उजेडात धरला. मग मला विचारलं, "जेठू, माझा तारा कुठल्या पेटीत होता?"

मी उरलेल्या पेट्या मोजायला लागलो.

न उघडलेल्या पेट्या अजून अंगणात आहेत. मी त्या मागितल्या. गोपेन म्हणाला, "पावती घेऊन आणलाय माल, चोरी केलेली नाही. पोलिसांचा कागद आणा, लगेच देतो. तोवर माझं काम चालू." तो खोटं बोलत नाही. माझी त्याच्याविरुद्ध तक्रार नाही. तक्रार त्या ठरावाविरुद्ध आहे. न वाचलेलं आणि नेऊ न दिलेलं यातला फरक ज्यांना कळत नाही, त्यांच्या हाती विद्यापीठाच्या किल्ल्या आहेत, हेही माझ्या शब्दांत लिहून घ्यावं.

ऐंद्रिला तिथेच पेट्यांवर बसून आहे. तिच्या हाताला फोड आले आहेत.

लिहिलेलं मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी सांगितलं तेच यात उतरलं आहे, एक शब्द बदलायचा नाही. सही करतो. बडोबाबू, शाई वाळायची वाट पाहू नका. हवालदाराला आत्ता कालव्याकडे पाठवा आणि ती चूल विझवा.